सातव्या पायरीची झीज

२ मार्च, सोमवार

सकाळी वहिनी आल्या, हातात नगरपालिकेचा छापील कागद. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण मोजणीचा परवाना अजून चालू आहे आणि कुणाला सही हवी असली की तो लोकांना बरोबर आठवतो.

कागदाचं नाव 'स्थळदाखला'. पाच वर्षांपूर्वी ती मुकुटवाली मालिका आमच्या गावात चित्रित झाली. उडते अजगर, बोलणारे कावळे आणि दर दुसऱ्या भागात मरणारा एखादा राजा. तेव्हापासून जगभरातले रिकामटेकडे इथे येऊन भिंतींना हात लावत फिरतात. मी त्यांना मुकुटवाले म्हणतो. वहिनींच्या चहाच्या दुकानाला लागून तेवीस पायऱ्यांचा दगडी जिना आहे. त्याच्या सातव्या पायरीवर म्हणे राणीने मुकुट उतरवून ठेवला आणि दोन पायऱ्या खाली उतरते न उतरते तोच तिला बाण लागला. हे लोक तिथे बसून रडतात. चांगली शिकलेली, कमावती माणसं. सख्खा काका गेला तेव्हा यातले किती रडले असतील कोण जाणे.

आता नगरपालिका तिथे पितळी पाटी लावणार आहे: 'राणीचा अखेरचा प्रसंग याच पायरीवर चित्रित झाला.' पाटी लागली की जिन्याजवळचा कोपरा प्रेक्षणीय स्थळ ठरणार आणि वहिनींची चार टेबलं तिथे राहणार. नाही लागली तर महिनाअखेरीस तो कोपरा मोटारसायकली लावायला जाणार. टेबलं गेली तर दुकान म्हणून उरतो एक ओटा आणि एक शेगडी. दादा जाऊन चौदा महिने झाले. वहिनींचं सगळं त्या कोपऱ्यावर चाललं आहे.

"वहिनी, मोजल्याशिवाय मी सही करत नाही," मी म्हणालो.

"मोजा की. अठरा तारखेपर्यंत वेळ आहे."

त्या गेल्यावर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, घरच्या माणसाला तरी नियम दाखवू नका." हिला कोण समजावणार? सही ही सही असते. तिला घरचं-दारचं कळत नाही.

४ मार्च, बुधवार

हे लोक नेमकं पाहतात तरी काय, ते कळावं म्हणून आज झगेवाल्याच्या फेरीत गेलो. हा पूर्वी पाण्याचे पंप विकायचा. आता काळा लोकरी झगा घालून आणि फायबरची तलवार लटकवून लोकांना गाव दाखवतो. उन्हात आतल्या आत उकडून निघाला होता, पण आवाज मात्र सेनापतीचा.

एकोणीस जण होते. पहिला मुक्काम 'अजगराची गुहा', म्हणजे चुन्याची जुनी भट्टी. दुसरा 'शपथांचा दरबार', म्हणजे जकातीची जुनी इमारत. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे आणि दुकानदार दरबार बघायला आलेल्यांना उशा दाखवतो. तिसरा 'वीरांची समाधी', म्हणजे बस डेपोची मागची भिंत. एका सुटाबुटातल्या गृहस्थाने त्या भिंतीला कपाळ टेकवलं. त्या भिंतीला लागून एकवीस वर्षं चालकांची मुतारी होती, नकाशात ती माझ्याच हाताने दाखवलेली आहे. सांगणार होतो, पण म्हटलं ज्याची त्याची श्रद्धा.

शेवटी जिना. झगेवाला खालून सातव्या पायरीजवळ उभा राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हीच ती. कडेचा टवका उडालाय आणि त्यात मुकुट अडकून राहतो, आठवतंय ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाकून पाहिलं. पायरीची कड अखंड होती.

"टवका कुठे आहे?" मी विचारलं.

"नंतर डागडुजी झाली, काका."

"झाली असती तर कागद माझ्या टेबलावरून गेला असता. झालेली नाही."

"काका, तुम्ही मालिका पाहिलीय का?"

"नाही."

"मग?" असं म्हणून तो लोकांकडे वळला आणि एकोणीस जण हसले. नाही, अठरा. एक उंच बाई हसली नाही. ती खाली बसून पायरीची कड बोटाने चाचपत होती.

पंप विकणारा माणूस मला जिना शिकवतो. दिवस कसे आलेत पाहा.

५ मार्च, गुरुवार

हिने जेवताना विचारलं, सहल कशी झाली. उशांची गोष्ट सांगितली तेव्हा हसून हसून हिला ठसका लागला. मग एकदम म्हणाली, "दादा असते तर तुमच्याबरोबर आले असते."

दादा कशाला येतोय? हां, तो त्या मुकुटवाल्या मालिकेच्या लोकांकडे कामाला होता खरा. आमचे वडील गवंडी, दादाही गवंडी. मी तेवढा शिकून मोजणी खात्यात लागलो. दादाचा हात असा की कमानीचा शेवटचा दगड बसवायला त्याला लांबलांबून बोलावणं यायचं. आणि साठीला टेकल्यावर हा माणूस नदीकाठच्या गोदामात सात महिने त्या लोकांसाठी प्लास्टर थापत बसला. मी त्याला तोंडावर म्हणालो होतो, खोट्या राजांची खोटी घरं लिंपायला वडिलांनी हातात थापी दिली होती का? तो नुसता हसला. त्यानंतर त्या कामाचा विषय त्याने माझ्यापुढे काढला नाही. तिथे त्याने काय केलं ते मी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

मालिका सुरू झाल्यावर एकदाच फोनवर म्हणाला होता, "पाहिलीस का?" मी म्हणालो, असला कचरा पाहायला मला वेळ नाही. "बरं," म्हणाला आणि हिची तब्येत विचारली.

७ मार्च, शनिवार

मुकुटवाले जागे व्हायच्या आत सकाळी लेव्हल आणि टेप घेऊन जिन्यावर गेलो. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो हे विसरलो होतो. चौतीस वर्षं ते टोक धरायला सरकार माणूस देत होतं.

तेवढ्यात बुधवारच्या फेरीतली उंच बाई आली. न विचारता टेपचं शून्य पायरीच्या कडेला लावून बसली आणि ते बरोबर लावलं. खात्यातली अर्धी माणसं टेपच्या टोकाची कडी शून्यात मोजायची. बाई दंतवैद्य आहे. दवाखाना आणि दोन मुलं नवऱ्यावर सोपवून आठ दिवस या जिन्यापायी आली आहे. शिकून माणूस शहाणा होतो हा समज खोटा आहे.

पण बाई सातव्या पायरीवर येऊन थांबली आणि म्हणाली, "झीज उजवीकडे आहे."

"चढताना उजवीकडे. कठडा तिकडे आहे, माणसं तिकडूनच चढतात."

"तेच म्हणतेय. दाढ पाहिली की माणूस कुठल्या बाजूने चावतो ते कळतं. हा जिना उजवीकडे चावतो. मालिकेतला डावीकडे चावतो. दहा वेळा पाहिलंय मी."

"मग दहा वेळा पाहूनही इथे कशाला आलात?"

"खात्री करायला," ती म्हणाली.

असं उत्तर मी अनेक वर्षांत ऐकलं नव्हतं. आम्ही तेवीसच्या तेवीस पायऱ्या मोजल्या. टवका सापडला, पण खालून सतराव्या पायरीवर. वरून मोजली तर ती सातवी.

लेव्हल पेटीत ठेवताना बाईने पेटीवर रंगवलेलं नाव वाचलं. "हे तुमचं नाव?"

"माझंच."

"पडद्यावर वाचलंय मी हे."

"दुसऱ्या कुणाचं असेल. पडद्यावर यायला मी काय अजगर आहे?"

ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहत राहिली. डॉक्टर लोकांना ही सवयच असते.

८ मार्च, रविवार

तुलना करायची तर पाहणं भाग होतं. दुपारी हिला म्हटलं, तो राणीचा भाग लाव. हिने एका झटक्यात लावला, मिनिटासकट. हिला ते कसं माहीत हे मी विचारलं नाही. वहिनींकडे दुपारी बसायला जाते, तिथे हेच उद्योग चालत असणार.

चित्र थांबवून पडद्यावर पट्टी लावली. ही म्हणाली, काचेवर ओरखडे पडतील. पडू देत. झीज डावीकडे, आणि खालून सातव्या पायरीला टवका, त्यात मुकुट. माझं आठ वर्षांपूर्वीचं पत्रक काढून शेजारी ठेवलं. हा जिना तेव्हा डागडुजीच्या प्रस्तावासाठी मीच मोजला होता आणि प्रत्येक पायरीची झीज मिलिमीटरमध्ये लिहिली होती. कालचे आकडे त्याच्याशी जुळतात. दोन प्रती होत्या, एक दादाने कधीतरी मागून नेली, कुठल्याशा कामाला म्हणून. परत आली नाही. असो.

निष्कर्ष: राणी आमच्या जिन्यावर मेलेलीच नाही. कुठेतरी नकली जिना बांधून तिला तिथे मारली. आणि ज्याने तो बांधला त्या गाढवाने झीज उलट्या अंगाला कोरली आणि टवका खालीवर केला. खरा जिना हाकेच्या अंतरावर उभा आहे. जाऊन डोळे उघडून पाहायचं, एवढंही त्याच्याने झालं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? गावोगावची माणसं भलत्याच पायरीवर बसून डोळे गाळतायत, आणि ते सिद्ध करायला मी पुरेसा आहे. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

भाग संपून नावांची रांग सुरू झाली तसा मी संच बंद केला. ही म्हणाली, "थांबा ना थोडं." कशाला? एवढी माणसं लागूनही ज्यांना एक जिना धड बांधता आला नाही, त्यांची नावं काय वाचायची?

९ मार्च, सोमवार

संदर्भासाठी आणखी तीन भाग पाहिले. धाकट्या राजपुत्राने किल्ल्याची चावी सावत्र बहिणीच्या हातात द्यायला नको होती. पहिल्या भागापासून दिसत होतं ती कशी आहे ते. मूर्ख.

११ मार्च, बुधवार

हिला सांगितलं की सही करणार नाही. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

"वहिनींचं काय?"

"मी काय करू? खोटं लिहू?"

"मी कुठे काय म्हणतेय?" ही म्हणाली. हिचं हे 'मी कुठे काय म्हणतेय' मला एकतीस वर्षं पुरून उरलं आहे.

खरं सांगायचं तर मलाही चैन नाही. वहिनी या वयात कुठे जाणार? मुलगा परगावी, त्याचं त्याला भागत नाही. पण आज वहिनींसाठी खोटं लिहिलं तर उद्या झगेवाल्यासाठी का नाही? माणूस एकदा घसरला की मधल्या पायरीवर थांबत नाही.

संध्याकाळी दंतवैद्य बाई निरोप घ्यायला आली. मी तिला पत्रक दाखवलं. तिने पहिल्या पायरीपासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवलं, दोनदा, आणि काहीतरी बोलणार होती ती थांबली. मग दारातून म्हणाली, "काका, त्या भागाची शेवटची नावं पाहा. अगदी शेवटपर्यंत पाहा."

"काय आहे त्यात?"

"तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, म्हणून सांगत नाही," ती म्हणाली.

१२ मार्च, गुरुवार

पाहिली.

ही शेजारी बसली होती. नावं वर सरकत होती, शेकडो. केस विंचरणारे, घोडे सांभाळणारे. मी म्हटलं, काय वेळेचा नास आहे. ही म्हणाली, "येईल आता. बारीक अक्षर आहे, चष्मा लावा."

राणीचा जिना: आणि दादाचं नाव. त्याच्याखाली, मोजमाप: आणि माझं.

हिने चित्र थांबवलं. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, पहिल्यांदा दाखवलं तेव्हापासून. दादांनी आम्हा दोघींना दुकानात बसवून दाखवलं होतं. सांगितलं का नाही, विचारलं. "तुम्ही ऐकायच्या मनःस्थितीत होता का?" म्हणाली. एवढं बोलून ही आत गेली, नाहीतर मी काहीतरी लागेल असं बोललो असतो.

मग पत्रक काढून पुन्हा पाहिलं. दंतवैद्य बाईला जे दोन मिनिटांत दिसलं ते मला आठ वर्षं दिसलं नव्हतं. आमच्या खात्यात मोजणी वरून खाली करतात. वरच्या पायरीवर उभं राहायचं, तिला क्रमांक एक द्यायचा, आणि डावं-उजवं लिहायचं ते खाली तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं. हे कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं, कारण खात्यात ते सगळ्यांना माहीत असतं. गवंडी जिना खालून बांधत वर जातो. त्याची एक नंबरची पायरी खाली, आणि त्याचं डावं-उजवं चढणाऱ्याचं. दादाने माझे आकडे घेतले आणि खालून वर बांधत गेला. मिलिमीटरचाही फरक नाही. फक्त सगळा जिना फिरलेला.

रविवारच्या पानावर मी गाढव हा शब्द लिहिला आहे. तो खोडणार नाही. कोणाला लागू पडतो ते आता कळलं आहे.

१३ मार्च, शुक्रवार

वहिनींकडे गेलो. दुकानात मुकुटवाल्यांची गर्दी होती, एकीने कागदी मुकुट घातला होता आणि तो चहात पडत होता. गर्दी ओसरेपर्यंत ओट्याशी उभा राहिलो.

"वहिनी, तो जिना दादाने बांधला."

"हो."

"तो उलटा आहे."

"माहीत आहे," वहिनी कप विसळत म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं त्यांना. अहो, झीज कठड्याच्या अंगाला आहे आणि टवका वर आहे, खाली नाही, रोज चढतो की आपण. तर म्हणाले, त्याने लिहिलंय ना, मग तसंच. माझ्या डोळ्याला भास होईल, त्याच्या आकड्याला होत नाही."

मी म्हणालो, "मला फोन करून विचारायचं की."

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, भावजी?"

मला माहीत आहे मी काय म्हणालो असतो. इथे लिहायची गरज नाही.

त्या पुढे म्हणाल्या, "पडद्यावर झीज डावीकडे दिसली तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं. दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस, त्याला वाटेल त्याच्या पत्रकात चूक होती."

मी चहा न घेता घरी आलो. मला दादाचा राग आला आहे, माझा आला आहे, आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, तर आता कुणाशी भांडायची सोय राहिलेली नाही याचा.

१६ मार्च, सोमवार

दोन दिवस विचार केला आणि आज सही करून टाकली.

नगरपालिकेत पाटीवाल्या विभागाचा एक अधिकारी आहे. टेबलावर मुकुटवाल्या अजगराचं रबरी पिल्लू ठेवलेलं. मी कागद दिला: 'प्रत्यक्ष मोजणी करून दाखला देतो की सदर प्रसंग याच पायरीवर चित्रित झाला आहे.' खाली माझी सही, परवाना क्रमांक. त्याने वाचलंही नाही, शिक्का मारला आणि म्हणाला, "बरं झालं काका, उगीच ताणलंत एवढं." ज्या सहीसाठी मी चौदा दिवस जळलो ती त्याला रांगेतल्या टोकनइतकी होती.

चौतीस वर्षं आणि वर तीन. पहिली खोटी सही. पण वहिनींचा कोपरा वाचला. दादाचं मी एवढं देणं लागतो. जिवंतपणी दिलं नाही ते त्याच्या माणसाला दिलं. घरी येताना हलकं वाटत होतं, आणि उगीच खोटं का बोलू, थोडा अभिमानही वाटत होता. मीही वाकू शकतो तर.

१७ मार्च, मंगळवार

सकाळीच वहिनींना सांगायला गेलो. वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल. आलं, पण वेगळंच.

"काय लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"त्यांना हवं होतं तेच. राणी इथेच मेली म्हणून."

वहिनींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाल्या, "भावजी, याच गल्लीत तीन परवानेवाले बसतात. चहा पिता पिता सही देतात. त्यांना सोडून मी तो कागद तुमच्याकडे का आणला असेल?"

"का?" मी विचारलं.

"म्हटलं तुम्ही मोजाल. तुम्हाला सापडेल. आणि सापडलं की तुम्ही तसं लिहाल, कुणाच्या बापाला न भिता. मी तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, वहिनी, पुरावा काय?"

"पण कोपरा जाईल."

"कोपरा जाईल ते मला कळतं. दुकान माझंच आहे. आणि मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही की इथे झालं म्हणून. झगेवाला सांगतो. लोक बसतात, मी चहा देते." त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी मला तिथे उभं राहवेना. "आता पितळेवर कोरणार की राणी या पायरीवर मेली. मग यांनी सात महिने काय केलं?"



वाकायचं होतं तिथे ताठ राहिलो आणि ताठ राहायचं होतं तिथे वाकलो. जगाला अक्कल शिकवत हिंडणारा मी. झगेवाला निदान झगा घालून खोटं बोलतो.

१८ मार्च, बुधवार

कार्यालय उघडायच्या आधी दारात होतो. अधिकारी आल्या आल्या म्हटलं, कालचा, म्हणजे परवाचा दाखला परत द्या.

"शिक्का पडलाय, काका."

"सही माझी आहे. मी ती रद्द करतो." आणि त्याच्यासमोर स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली. मग रात्री तयार केलेला दुसरा कागद पुढे केला. हा मात्र त्याने वाचला.

"हे आम्हाला काय उपयोगाचं? म्हणजे इथे झालंच नाही?"

"नाही."

"मग पाटी नाही. आणि कोपरा एक तारखेपासून पार्किंगला."

"कळलं. पण हा दाखल करून घ्या."

"कशासाठी? लोकांना खरं नको असतं हो, काका. त्यांना बसायला पायरी हवी असते."

इतरांबद्दल मीही हेच म्हणत आलो आहे. त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती स्वस्त आहे ते कळलं. मी खुर्चीवरून हललो नाही. शेवटी त्याने वैतागून आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली आणि एक प्रत माझ्या हातात दिली. आता तो कागद नगरपालिकेच्या दप्तरात आहे. कुणी वाचणार नाही, पण कुणी काढूही शकणार नाही.

तिथून दुकानात गेलो. वहिनी टेबलं पुसत होत्या. मी म्हटलं, कोपरा गेला. त्या म्हणाल्या, बसा. मी प्रत पुढे केली तर म्हणाल्या, चष्मा आत आहे, तुम्हीच वाचा.

मी उभा राहून वाचलं: "या जिन्याचे मोजमाप मी केले. त्यावरून माझे थोरले बंधू, व्यवसाय गवंडी, यांनी नदीकाठच्या गोदामात तेवीस पायऱ्यांचा जिना एकट्याच्या हाताने घडवला. राणीचा प्रसंग त्या जिन्यावर चित्रित झाला, या जिन्यावर नाही. त्यातील झीज व टवका मूळ जिन्याच्या उलट आहेत. ही चूक मोजमाप लिहिणाऱ्याची आहे, बांधणाऱ्याची नाही. बांधकामात दोष आढळला नाही."

खाली दादाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तेही वाचलं.

वहिनींनी फडकं खांद्यावर टाकलं आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"पुन्हा वाचा," म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.